कुमारवयातील भयकथांचे प्रौढ पुनर्वाचन : नारायण धारप यांच्या कादंबऱ्यांच्या संदर्भात

सारांश

मराठीत खास कुमारांसाठी लिहिलेल्या भयकादंबरीची परंपरा जवळजवळ नाही. ती जागा नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या, मूलतः प्रौढांसाठी लिहिलेल्या पुस्तकांनी भरून काढली. शालेय वयात धारप वाचून पुढे ते बाजूला ठेवणारा मोठा वाचकवर्ग महाराष्ट्रात आहे. हा वाचक पंधरा-वीस वर्षांनी त्याच पुस्तकांकडे परततो तेव्हा त्याच्या भयाचे स्वरूप बदललेले असते. भरताने भयानक रसाचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांच्या साहाय्याने हा बदल समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे. कुमारवयातील भय हे दचकण्याचे भय असते, तर प्रौढ पुनर्वाचनात अपराधातून निर्माण होणारे भय वर येते, अशी येथील मुख्य मांडणी आहे. रिकामा वाडा, चेटकीण आणि तारणहार समर्थ या तीन घटकांच्या आधारे तिची तपासणी केली आहे.

बीजशब्द : भयकथा, गूढकथा, कुमारवाचक, पुनर्वाचन, भयानक रस, रूपांतर, लोकप्रिय साहित्य

१. प्रस्तावना

लोकप्रिय साहित्याविषयी मराठी समीक्षेने बराच काळ मौन पाळले. बाबुराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि मराठी माणसाला वाचनाची गोडी लावली, हे वाक्य बहुतेक वाङ्मयेतिहासांत आढळते. परंतु त्या कथांत काय होते याचा विचार क्वचितच होतो. भयकथेच्या वाट्याला तर एवढेही आले नाही. तिचा उल्लेख झाला तरी तो 'वाचकांना खिळवून ठेवणारे लेखन' या शब्दांपुढे जात नाही.

याउलट विज्ञानकथेचा प्रवास पाहण्यासारखा आहे. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवली आणि तिला पुरस्कार मिळाला. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक येथे भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. एके काळी टोपणनावाआडून लिहिला गेलेला हा कथाप्रकार अर्धशतकाच्या आत मराठी साहित्याच्या मध्यवर्ती व्यासपीठावर पोहोचला. धारपांनी 'नेनचिम'सारखी विज्ञानकथाही लिहिली. पण त्यांची ओळख भयकथाकार अशीच राहिली आणि भयकथेला ही प्रतिष्ठा लाभली नाही.

या उपेक्षेचे एक कारण वाचकाच्या वयात दडलेले आहे, असे वाटते. जे आपण चौदाव्या-पंधराव्या वर्षी पांघरुणाखाली वाचले ते त्या वयाचेच असते, पुढे ते मागे टाकायचे असते, असा सुशिक्षितांचा समज असतो. प्रस्तुत निबंध या समजाची तपासणी करतो. तीच पुस्तके प्रौढ वयात पुन्हा वाचली असता हाती काय लागते, हा येथील प्रश्न आहे.

२. कुमारवाचकाचा मार्ग

अमेरिकेत आर. एल. स्टाइन यांची 'फिअर स्ट्रीट' ही मालिका १९८९ मध्ये आणि 'गूजबम्प्स' ही मालिका १९९२ मध्ये सुरू झाली. वाचकांचे वयोगट ठरवून लिहिलेली ही स्वस्त, कागदी बांधणीची पुस्तके होती. त्यांतील भीतीची मात्राही वयानुसार मोजलेली असे. त्यामुळे ती पुस्तके प्रौढपणी उघडली की अनेकदा ती लहान झालेल्या कपड्यांसारखी वाटतात.

मराठीतील स्थिती वेगळी आहे. 'गोट्या', 'चिंगी' आणि भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' येथपर्यंतचा रस्ता नीट आखलेला आहे. त्यापुढे बारा ते सोळा या वयासाठी फारसे काही नाही. या टप्प्यावर मराठी मुलगा किंवा मुलगी थेट मोठ्यांच्या कपाटाकडे वळते. नाशिकपुरते बोलायचे तर १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ नुसार अनुदान मिळवणारी लहान ग्रंथालये आणि पूर्वी गल्लोगल्ली असलेली, महिन्याची वर्गणी घेणारी खासगी वाचनालये, हे त्या कपाटाचे पत्ते होत. या खासगी वाचनालयांत भयकथेला मोठी मागणी असे. पुठ्ठ्याची बांधणी, वापराने मऊ पडलेली पाने आणि कधी शेवटचे पानच गायब, अशा रूपात धारप कुमारवाचकाच्या हाती पडत. 'धनंजय', 'नवल' यांसारखी नियतकालिके आणि त्यांचे दिवाळी अंक हा दुसरा मार्ग होता.

याचा परिणाम महत्त्वाचा आहे. मराठी कुमारवाचकाने वाचलेली भयकथा त्याच्यासाठी लिहिलेली नव्हती. तिच्यात नोकरी, घरभाडे, वारसा, आजारपण, वैवाहिक ताण असे विषय होते आणि ते ओलांडून तो भुतापर्यंत पोहोचत असे. तीच पुस्तके तिशी-चाळिशीत उघडली की पूर्वी ओलांडलेली पाने आता थांबवून धरतात. पुनर्वाचनाला खरा आशय मिळतो तो येथे.

३. भयानक रस आणि वाचकाचे वय

भयकथेच्या चर्चेत सहसा फ्रॉइडचा १९१९ मधील 'अनहाइमलिश' या कल्पनेवरील निबंध किंवा तोदोरोव्हचे १९७० मधील अद्भुतविषयक विवेचन उद्धृत केले जाते. ओळखीचे घर अनोळखी होणे हा फ्रॉइडचा मुद्दा, तर घडले ते खरे की भास या संशयात वाचकाला ठेवणे हा तोदोरोव्हचा मुद्दा, आणि दोन्ही उपयुक्त आहेत. परंतु वयाप्रमाणे बदलणाऱ्या भयाचा विचार करताना भरताचे वर्गीकरण अधिक कामाचे ठरते.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे विभाव सांगताना विकृत आवाज, भूतदर्शन, कोल्हे व घुबड यांचे ओरडणे, अरण्य आणि शून्यागार म्हणजे ओसाड घर यांची गणना केली आहे. स्वजनांचा वध किंवा बंधन पाहणे, ऐकणे किंवा त्यांची कथा कानी पडणे हाही एक विभाव आहे. याच अध्यायात भयानकाचे तीन प्रकार येतात : व्याजजन्य म्हणजे बतावणीचे भय, अपराधजन्य म्हणजे स्वतःच्या दोषातून उद्भवलेले भय आणि वित्रासितक म्हणजे दचकवल्यामुळे वाटणारे भय.

कुमारवयातील वाचन प्रामुख्याने वित्रासितकाचे असते. दार करकरते, दिवा जातो, जिन्यावर पाऊल वाजते आणि वाचक दचकतो. दुसऱ्या वाचनात हे भय उरत नाही, कारण दार कधी वाजणार हे ठाऊक असते. म्हणूनच 'आता भीती वाटत नाही' हा अनुभव बहुतेकांना येतो आणि ते पुस्तक मिटतात. पण न मिटता पुढे वाचत गेल्यास दुसरे भय वर येऊ लागते. घर स्वस्तात का मिळाले, आधीचे लोक कुठे गेले, म्हातारीला त्या खोलीत कोणी ठेवले, असे प्रश्न पडतात. हे अपराधजन्य भय आहे आणि त्याला वाचकाकडे काही आयुष्य जमा असावे लागते.

आणखी एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. 'साहित्यदर्पणा'त विश्वनाथाने भयानक रसाचा आश्रय स्त्रिया व नीच प्रकृतीची पात्रे मानला आहे. भिणे हे धीरोदात्त पुरुषाचे काम नव्हे, ही त्यामागील धारणा. धारपांनी ही मांडणी मोडली. त्यांच्या कथांत भिणारा माणूस पुष्कळदा शिकलेला, नोकरदार, विवेकी पुरुष असतो. भुताखेतांवर विश्वास नसलेला हा मध्यमवर्गीय माणूस साध्या, जवळजवळ कार्यालयीन मराठीत आपला अनुभव सांगतो. शैलीतील हा संयम हेच धारपांचे मोठे बळ होय. मात्र भयाचा आश्रय पुरुषाकडे गेला तेव्हा स्त्रीचे काय झाले, हा प्रश्न उरतो. त्याचा विचार पाचव्या भागात केला आहे.

४. शून्यागार : वाडा कोणाचा?

धारपांच्या पुस्तकांची नावे पाहिली तरी घराचे महत्त्व लक्षात येते. 'आनंदमहल', 'केशवगढी', '४४० चंदनवाडी'. यांतील शेवटचे नाव तर सरळ टपालाचा पत्ताच आहे. कुमारवाचकाला त्यातला आकडा गूढ वाटतो. मुंबईशी परिचय असलेल्या प्रौढ वाचकाला मात्र 'चंदनवाडी' म्हटले की तेथील स्मशानभूमी आठवते आणि पत्ता वाचतानाच तो क्षणभर थबकतो.

मराठी भयकथेचा ठरलेला आरंभ असा : नायकाला एक मोठा वाडा अल्प भाड्यात किंवा अनपेक्षित वारशाने मिळतो. कुमारवाचक हा परिच्छेद चटकन उरकतो. ज्याने स्वतः घर शोधले आहे, अनामत रक्कम भरली आहे, कर्जाचे हप्ते मोजले आहेत, त्याला तो परिच्छेदच सर्वांत भीतिदायक वाटतो. इतके घर इतक्या कमी पैशांत मिळत नाही, हे त्याला ठाऊक असते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर मुंबईत पागडी रूढ झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यातील कित्येक वाडे वाहून गेले. घराची टंचाई आणि घर जाण्याची धास्ती ही मध्यमवर्गाच्या रोजच्या जगण्यातील गोष्ट होती. 'मिळालेले घर आपल्याला नको आहे' असे वाटायला लावणारी कथा याच वर्गात खपावी यात आश्चर्य नाही.

याहून खोल जाणारा प्रश्न रिकाम्या वाड्याच्या इतिहासाचा आहे. पश्चिम महाराष्ट्रातील गावागावांत ओस पडलेले वाडे कशामुळे आले? ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली आणि त्यानंतर या भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. अनेक कुटुंबे शहरांत निघून गेली. त्याच वर्षीच्या कूळकायद्याने व पुढे १ एप्रिल १९५७ च्या 'कृषक दिना'ने कसणाऱ्याकडे जमीन गेली आणि वाड्याचा आर्थिक आधार संपला. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ' (१९६४) या कादंबरीने या जाळपोळीला वास्तववादी रूप दिले. भयकथेने त्याच रिकाम्या वाड्यात भूत बसवले. एका परंपरेने घडले ते सांगितले आणि दुसरीने न सांगता येणारे सावलीच्या रूपात ठेवले, असे म्हणता येईल.

धारपांनी हा इतिहास मनात धरून लिहिले, असा दावा येथे नाही. त्यांच्या कथांतील वाड्याचे शापित असणे बहुधा अतिमानवी कारणांनी स्पष्ट होते. परंतु साहित्यकृतीत लेखकाच्या हेतूपलीकडील काही साठून राहते आणि काळ गेल्यावर ते वाचता येते. वाडा सोडून गेलेल्यांचे दुःख आणि त्या वाड्याच्या पायरीखाली ज्यांच्या पिढ्या उभ्या राहिल्या त्यांचा रोष, या दोन्ही गोष्टी त्या अंधाऱ्या माजघरात एकदम उपस्थित असतात. नाशिकच्या जुन्या भागातील आणि पंचवटीतील वाडे एकेक करून उतरवले जात असताना त्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या सदनिकांत राहून या कथा वाचणाऱ्यास हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

५. चेटकीण : आलंबनाचा प्रश्न

वर म्हटल्याप्रमाणे धारपांच्या कथांत भिणारा पुष्कळदा सुशिक्षित पुरुष असतो. मग भय कोणापासून? 'चेटकीण', 'काळी जोगीण', 'आजी' ही शीर्षकेच पुरेशी बोलकी आहेत. काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर स्त्री आश्रयस्थानातून निघाली आणि आलंबन झाली. जिने भ्यायचे ती आता भिववणारी झाली. ही स्त्री बहुधा वृद्ध, एकटी, विधवा किंवा घरादाराबाहेरची असते. कुटुंबात तिची जागा नसते आणि तरी ती जात नाही.

कुमारवाचकाला या पात्राविषयी विचार करायला सवड नसते. प्रौढ वाचकाला, विशेषतः उत्तर महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकाला, ती घ्यावीच लागते. नाशिक महसूल विभागातील नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या आदिवासी पाड्यांवर स्त्रीला 'डाकीण' ठरवून मारहाण करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे प्रकार घडत आलेले आहेत. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ पासून या आणि अशा प्रथांविरुद्ध काम करत आली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा अधिनियम राज्यात आला. एखादी व्यक्ती करणी करते, काळी जादू करते असे जाहीर करून तिचे जगणे कठीण करणे हा त्या अधिनियमाच्या अनुसूचीनुसार गुन्हा आहे.

मग या कथा वाचू नयेत काय? हा प्रश्न वर्गात विद्यार्थी विचारतात आणि त्याचे उत्तर टाळता येत नाही. कथेत चेटकीण आहे म्हणून कथा अंधश्रद्धेचा प्रचार करते, असे म्हणणे म्हणजे व्याजजन्य भय आणि खरे भय यांत गल्लत करणे होय. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' १८३० मध्ये, म्हणजे छापील मराठी गद्याच्या पहाटेच आली. वेताळाने मराठी वाचकाला कोडी घातली, त्यामुळे कोणी स्मशानात प्रेत आणायला गेले नाही. भयकथेचा वाचक भिण्याचा करार करून बसलेला असतो आणि हा करार पुस्तक मिटताच संपतो.

परंतु एवढ्याने प्रश्न मिटत नाही. करार संपला तरी आकृती मागे राहते. एकटी म्हातारी म्हणजे संशयास्पद, हे समीकरण कथेबाहेरही टिकते. प्रौढ पुनर्वाचनाचे एक काम म्हणजे या आकृतीला उलट प्रश्न विचारणे. कथेत तिच्यावर आरोप प्रथम कोण करतो? तिची बाजू कोणाच्या तोंडून येते, की येतच नाही? तिच्या नावावर काय होते आणि तिच्यानंतर ते कोणाला मिळणार आहे? डाकीण ठरवण्याच्या प्रत्यक्ष प्रकरणांमागे जमीन, मालमत्ता व जुने वैर अनेकदा असते, हे कार्यकर्त्यांच्या अनुभवातून पुढे आलेले आहे. ते ध्यानात घेऊन वाचले की कथेतील अंतिम 'शुद्धी'चा प्रसंग पूर्वीसारखा सुटकेचा वाटत नाही. तेथेही कोणाचा तरी वध झालेला असतो. स्वजनाचा वध पाहणे हा भरताने सांगितलेला विभाव येथे नव्या अर्थाने लागू पडतो.

६. समर्थ : आश्वासन आणि त्याची मर्यादा

धारपांच्या भयविश्वातील सर्वांत लोकप्रिय पात्र म्हणजे समर्थ. संकटग्रस्ताने हाक मारावी आणि त्यांनी साधनेच्या बळावर दुष्ट शक्तीचा पराभव करावा, अशी या कथांची रचना असते. 'समर्थांचिया सेवका' या शीर्षकाचा धागा थेट रामदासांच्या 'मनाचे श्लोकां'शी जोडलेला आहे. नाशिकच्या वाचकाला हा शब्द विशेष जवळचा आहे. नंदिनी व गोदावरी यांच्या संगमाजवळील टाकळी येथे रामदासांनी बारा वर्षे तप केले, अशी परंपरा आहे. दिंडोरी येथे स्वामी समर्थांचे मोठे केंद्र आहे. 'समर्थ' या नावातच आश्वासन सामावलेले आहे आणि धारपांनी ते नेमके हेरले.

पाश्चात्त्य भयकथेची उसनवारी करताना मराठी लेखकासमोर एक व्यावहारिक अडचण असते. तेथे क्रूस आणि पवित्र जल दुष्ट शक्तीला रोखतात. येथे काय रोखणार? पुरोहित हा सोपा पर्याय होता. धारपांनी तो घेतला नाही. त्यांचे समर्थ हे दक्षिणा घेणारे भिक्षुक नाहीत, मठाधिपती नाहीत. ते निरीक्षण करतात, कारण शोधतात, धोका मोजतात आणि मग उपाय करतात. त्यांची पद्धत गुप्तहेर व वैज्ञानिक यांच्या मधली आहे. दुष्ट शक्तीही पुष्कळदा पितर किंवा पिशाच नसून आपल्या मितीपलीकडून शिरू पाहणारे काहीतरी असते. रामकुंडावर रोज अस्थिविसर्जन होते आणि त्र्यंबकेश्वरी नारायणनागबळीसारखे विधी चालतात अशा परिसरात बसून हे वाचले की धारपांचे वेगळेपण अधिक जाणवते. मृताच्या अतृप्तीची व्यवस्था लावणारी सगळी परंपरागत यंत्रणा त्यांनी जवळजवळ बाजूला ठेवली आणि भयाला नवी, काहीशी आधुनिक भाषा दिली.

कुमारवाचकाला समर्थांची गरज असते. रात्री दिवा मालवण्यापूर्वी कोणीतरी सर्व ठीक केले आहे, हे त्याला कळावे लागते. त्या वयात हे आश्वासन खोटे नसते. प्रौढ वाचकाची अडचण निराळी आहे. समर्थ त्रास दूर करू शकतात, अपराध नाही. वाडा कसा मिळाला, म्हातारीला कोणी टाकले, पैसा कुठून आला, हे प्रश्न समर्थांच्या कक्षेत येत नाहीत. दुष्ट शक्ती बाहेरून आली आणि बाहेर घालवली, असा निवाडा होतो आणि घरातली माणसे निर्दोष सुटतात. धारपांच्या समर्थकथा आज ज्या ठिकाणी कमी पडतात ते ठिकाण हे होय. दुष्टता नेहमी परकी असते, हे त्यांचे गृहीतक प्रौढ अनुभवाला पटत नाही.

म्हणूनच समर्थांविना असलेल्या कादंबऱ्या पुनर्वाचनात अधिक टिकतात. 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट' (१९७५) या कादंबरीवर बेतलेली आहे. तिच्यातील खरे भय रक्तपिपासू शक्तीचे आहे, त्याहून अधिक ते वस्तीच्या बेफिकिरीचे आहे. शेजारचे घर बंद का, हे कोणी विचारत नाही आणि वस्ती एकेक घर करून संपते. 'शपथ'चा आधार किंगची 'इट' (१९८६) ही कादंबरी आहे. लहानपणी एकत्र येऊन भयाशी झुंजलेल्या मुलांना मोठेपणी पुन्हा त्याच जागी परतावे लागते, असे 'इट'चे सूत्र आहे. मधल्या वर्षांत ती मुले सर्व विसरलेली असतात. पुनर्वाचनाच्या चर्चेत हे सूत्र अर्थपूर्ण ठरते, कारण कुमारवयातील भय आठवल्याखेरीज त्याचा मुकाबला करता येत नाही, असे ही कथा सुचवते.

७. रूपांतराचा प्रश्न : 'आजी' ते 'तुंबाड'

धारपांच्या काही महत्त्वाच्या कृती किंगवर आधारलेल्या आहेत, हे आजच्या वाचकास ज्ञात आहे. कुमारवयात ते ठाऊक नसते आणि मोठेपणी कळल्यावर अनेकांचा हिरमोड होतो. ऋणनिर्देशाचा प्रश्न रास्तच आहे. मूळ लेखकाचे नाव वाचकासमोर असायला हवे, याविषयी दुमत होऊ नये. तथापि रूपांतर म्हणजे निव्वळ उचल, असे मानून थांबल्यास कथा येथे आल्यावर तिचे काय झाले हा वाङ्मयीन प्रश्न सुटून जातो.

'आजी' या कथेचे उदाहरण घेऊ. किंगची 'ग्रामा' ही कथा १९८४ ची. मरणासन्न, भीतिदायक आजीसोबत घरात एकटा राहिलेला मुलगा हे तिचे बीज. धारपांनी ते मराठीत आणले. पुढे राही अनिल बर्वे यांना एका मित्राने १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात धारपांची गोष्ट सांगितली आणि त्या स्मृतीतून 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाची कल्पना रुजली. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून आले. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो प्रदर्शित झाला आणि सप्टेंबर २०२४ मधील पुनर्प्रदर्शनात त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक व्यवसाय केला.

या प्रवासात कथेचे केंद्र कसे सरकले ते पाहावे. किंगच्या कथेत भय एका घरापुरते आणि एका दुपारपुरते आहे. 'तुंबाड'मध्ये १९१८ ते १९४७ असा काळ, वाडा, वारसा व सोन्याची हाव यांचे जाळे येते. वृद्ध स्त्री साखळीने बांधलेली आहे आणि ती तशी का झाली याचे उत्तर घराण्याच्या लोभात आहे. बालपणी तिला पाहून दचकलेला मुलगा मोठेपणी त्याच लोभापायी परततो आणि आपल्या मुलालाही त्या वाटेवर नेतो. दचकण्यापासून अपराधापर्यंतचा जो बदल प्रस्तुत निबंध पुनर्वाचनात पाहतो, तो या चित्रपटाने एकाच पात्राच्या आयुष्यात दाखवला आहे. एका अर्थी 'तुंबाड' हे धारपांचे प्रौढ पुनर्वाचनच आहे. धारपांच्या कथा ऐकत-वाचत वाढलेल्या पिढीने त्यांच्या भयाला घराण्याचा व लोभाचा इतिहास जोडला.

८. मतकरींशी तुलना

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथेचा येथे थोडक्यात विचार करणे उचित होईल. कुमारवाचक साधारणपणे धारपांकडे आधी व मतकरींकडे नंतर जातो. मतकरींच्या कथेत तारणहार बहुधा नसतो. भय माणसांच्या संबंधांतून उगवते आणि शेवट वाचकाला मोकळा सोडत नाही. त्यांच्या 'इन्व्हेस्टमेंट' या कथेवर त्यांनीच दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाला २०१२ या वर्षासाठी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात भूत नाही. मुलाच्या भवितव्यात 'गुंतवणूक' करणारे आईवडील आणि त्याचा गुन्हा झाकण्यासाठी त्यांनी उचललेली पावले, एवढेच त्यात आहे. अपराधजन्य भयाचे याहून उघड उदाहरण शोधावे लागणार नाही.

यावरून मतकरी श्रेष्ठ व धारप कनिष्ठ असा निर्णय घेण्याची घाई करू नये. मतकरींची कथा प्रौढ प्रश्न उघडपणे विचारते. धारपांची कथा तो प्रश्न गाडून ठेवते आणि त्यावर उत्कृष्ट दचकवणारे मजले चढवते. पुनर्वाचनाचा लाभ म्हणूनच धारपांच्या बाबतीत अधिक होतो. तेथे वाचकाला स्वतः खणावे लागते.

९. निष्कर्ष

१. मराठीत कुमारांसाठी स्वतंत्र भयकादंबरी नसल्यामुळे कुमारवाचकाने प्रौढांचे साहित्य वाचले. या कारणाने त्याचे पुनर्वाचन पाश्चात्त्य कुमारभयकथांच्या पुनर्वाचनापेक्षा अधिक फलदायी ठरते.

२. पुनर्वाचनात वित्रासितक भय ओसरते आणि अपराधजन्य भय पुढे येते. भयाचे हे स्थलांतर वाचकाच्या वयाशी व सामाजिक अनुभवाशी निगडित आहे.

३. रिकामा वाडा हा केवळ वातावरणनिर्मितीचा घटक नाही. १९४८ नंतरच्या महाराष्ट्रातील स्थलांतर, जमिनीची फेरवाटणी व घरटंचाई यांचे अवशेष त्यात वाचता येतात.

४. चेटकिणीच्या प्रतिमेचे चिकित्सक वाचन आवश्यक आहे. ही पुस्तके वर्ज्य करून ते साधणार नाही. विद्यार्थ्यांसमवेत ती वाचून, आरोप कोण करतो आणि लाभ कोणाला होतो हे प्रश्न विचारूनच ते साधेल.

५. समर्थांच्या रूपाने धारपांनी भयकथेला स्वतंत्र मराठी तोडगा दिला. तो त्रासनिवारणाचा आहे, अपराधाच्या प्रश्नाला तो स्पर्श करत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाने धारपांची अनेक पुस्तके नव्या आवृत्त्यांत उपलब्ध करून दिली आहेत. 'ग्रहण' या कादंबरीवर २०१८ मध्ये दूरचित्रवाणी मालिका आली. वाचक व प्रेक्षक या लेखनाकडे पुन्हा वळले आहेत. पदवी स्तरावर 'लोकप्रिय साहित्य' या घटकात किमान एक भयकादंबरी नेमली जावी आणि तिच्यासोबत २०१३ च्या अधिनियमाची अनुसूची व 'वावटळ'मधील निवडक भाग वाचून घ्यावा, अशी या निबंधाची शिफारस आहे. वर्गात समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी ही पुस्तके आधीच वाचलेली असतात, आणि त्यांच्याशी बोलण्यासाठी शिक्षकानेही ती पुन्हा वाचलेली असणे आवश्यक आहे.